मिसकॉल उचलायचा नसतो

लोहाऱ्याच्या दूध संघात फोन बंद पडला की पहिली शिवी फोनला बसायची आणि दुसरी गौरीशंकर बिराजदारांना. खरं तर त्यांची नेमणूक वायरमन म्हणून झालेली. शीतकेंद्राच्या मोटारी आणि दिवे बघायचे, एवढंच काम. पण फार वर्षांपूर्वी टेलिफोनचं एक्स्चेंज बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, “इथं यातलं कोणाला कळतं?” आणि तेव्हा तरण्याबांड असलेल्या गौरीशंकरांनी हौसेनं हात वर केला. तो हात त्यांना पुढं कधी खाली घेता आला नाही. माणसाला कुठली हौस कधी नडेल, सांगता येत नाही.

आता ते सगळ्यांचे अण्णा झाले होते. केस गेले, चष्मा आला, निवृत्ती जवळ आली. संघाचे फोन मात्र होते तसेच नाठाळ राहिले. साहेबांच्या टेबलावरचा खरखरतो, अण्णांना बोलवा. पशुखाद्याच्या दुकानातला वाजतच नाही, अण्णांना बोलवा. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळा तालुका शेतात भज्जी आणि आंबील खात बसलेला असायचा, आणि अण्णा संघाच्या भिंतीला शिडी लावून वायर चाचपत असायचे. मेव्हण्याच्या लग्नात अक्षता मुठीत होत्या तेव्हाही खिशातला मोबाईल वाजला होता. त्यांनी अक्षता टाकायच्या आधी फोन उचलला, आणि हे सासुरवाडीत अजून सांगितलं जातं.

चन्नम्माचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, मागणं एकच होतं आणि ते जुनं होतं. कूडलसंगमला जायचं. चार दिवस राहायचं, सकाळी संगमावर निवांत बसायचं, बसवण्णांच्या ऐक्यस्थळाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरायच्या. आणि ते चारही दिवस नवऱ्याचा फोन बंद. “गुडघे हायत तवर न्या,” ती म्हणायची. एकदा दोघं निघालीही होती. स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली, चन्नम्मा खिडकीशी, पिशवी मांडीवर, आणि अण्णांचा खिसा वाजला. संघाचे सगळे फोन बंद पडले होते. चन्नम्मा काही बोलली नाही. पिशवी उचलून ती गाडीतून उतरली आणि घराकडं चालू लागली. ती पाठमोरी, जरा लंगडती चाल अण्णांच्या डोळ्यांपुढून हलत नसे. ती बोलली असती, भांडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं.

या नवराबायकोचा दुपारचा संवाद म्हणजे एक मिसकॉल. भाकरी थापायला घेतली की चन्नम्मा एक घंटी द्यायची आणि कापायची. अण्णा ती ऐकायचे, हातातलं आवरायचे आणि जेवायला निघायचे. उचलायचा नाही. मिसकॉल उचलायचा नसतो, ही आमच्या भागातली रीत आहे. बोलण्याला पैसे पडायचे तेव्हा ती पडली. आता बोलणं फुकट झालं तरी ती कोणी मोडली नाही. मिसकॉल उचलणारा एक तर नवखा असतो, नाहीतर आगाऊ.

संघाचं निम्मं काम याच रीतीवर चालायचं, आणि ती संघात आणली अण्णांनीच. मोठ्या रस्त्यावरच्या गावांना दुधाची गाडी रोज जायची. आडबाजूच्या गावांत मात्र दुधाचा भरवसा नसे. गाडी रिकामी हिंडवणं संघाला झेपत नव्हतं. तेव्हा अण्णांनी तोड काढली. गावातल्या केंद्रावर कॅन भरले की संघाच्या नंबरला एक घंटी द्यायची. फोनवर ज्या गावाचा नंबर उमटेल त्या गावाला गाडी सुटेल. लागोपाठ दोन घंट्या म्हणजे जनावरांचा डॉक्टर पाठवा. इकडून कोणी उचलायचं नाही, तिकडून कोणी बोलायचं नाही. अण्णा टेम्पोत बसून गावोगाव हे शिकवून आले होते. तेव्हा त्यांना त्याचा केवढा अभिमान होता. मग ते अंगवळणी पडलं, आणि अंगवळणी पडलेलं माणूस विसरून जातं.

या वैशाखात वळवाच्या एका विजेनं जुनं एक्स्चेंज जाळून टाकलं. त्याचे सुटे भाग मिळेनात. संघाचे व्यवस्थापक उत्तरेश्वर साळुंके वयानं तरुण, पण अण्णांना मान देणारे. ते म्हणाले, “अण्णा, ही डबडी आता बास. सगळे फोन क्लाउडवर नेऊ. कसलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. शेवटी तुम्हालाच त्याच्यासंगं नांदायचंय.” शेवटचं वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं, पण अण्णा चष्मा काढून पुसत बसले.

पुण्याच्या एका कंपनीतली प्रतीक्षा नावाची मुलगी समजावून सांगायला आली. रेल्वेनं धाराशिव आणि तिथून एसटीनं लोहारा. येईस्तोवर तिचा चेहरा पार उतरला होता. तरी तिनं थापा न मारता सांगितलं. एक्स्चेंजची पेटी आता कार्यालयात नसेल. ती दूर कुठंतरी मोठ्या संगणकांवर असेल आणि इथले फोन इंटरनेटवरून तिला जोडलेले असतील. यात दोन तऱ्हा. एक सामाईक. तिथं एकाच व्यवस्थेत शेकडो धंद्यांचे फोन, सगळ्यांना नियम सारखे, बिघाड झाला तर कंपनीचे लोक बघून घेणार. दुसरी खासगी. संघापुरती वेगळी जागा, त्यात दुसरं कोणी नाही, नोंदी संघाच्या ताब्यात आणि नियम संघाला हवे तसे.

“म्हणजे एक वडाप आणि एक घरची गाडी,” उत्तरेश्वर म्हणाले.

प्रतीक्षा हसली. “तसंच, सर. फक्त घरच्या गाडीला ड्रायव्हर घरचाच लागतो. खासगी घेतलं तर तुमच्याकडच्या एका जबाबदार माणसाचा नंबर द्यावा लागेल. काही अडलं तर आमचे लोक त्यांनाच फोन करतील. कधीही.”

उत्तरेश्वरांनी अण्णांकडं पाहिलं. शेजारी बसलेल्या हिशेबनिसानंही पाहिलं. पाहायची तशी गरज नव्हती.

अण्णांचा जन्म वडापमध्ये गेला होता. वडापमध्ये माणसं कोंबतात, मांडीला मांडी घासते, पण एक सुख असतं. डोळे मिटून घेता येतात. गाडी बंद पडली तरी ती आपली नसते. मोठ्यानं मात्र ते एवढंच म्हणाले, “वडापच बरी. येवढी लोकं वापरत्यात म्हंजी चांगलीच असंल. आपल्याला कशाला निराळा थाट?” कारणं खोटी नव्हती. खरं कारण तेवढं त्यांनी पोटात ठेवलं. ते थकले होते, त्यांना आता कोणाचा फोन नको होता, आणि चन्नम्माला कूडलसंगम दाखवायचं राहून गेलं होतं.

प्रतीक्षानं जाता जाता विचारलं, “काका, दिवसभरात साधारण कसले फोन येतात?” अण्णांनी इमानेइतबारे सांगितलं. खाद्याची चौकशी, फॅट कमी लागल्याची तक्रार, बँक, तहसील, सीमेवरच्या गावांतून कानडीत बोलणारे. मिसकॉलचं तिनं विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही. मिसकॉललाही फोन म्हणतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या लेखी फोन म्हणजे जो उचलतात तो.

नवी व्यवस्था सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्या केंद्रांना बजावलं, “आता माझ्या मोबाईलवर कायबी कळवू नका. संघाचा नंबर तोच हाय, तिथंच लावा.” आणि घरी येऊन चन्नम्माला म्हणाले, “सोमवारी निघू. पिशवी भर.” चन्नम्मानं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. “व्हय?” एवढंच म्हणाली आणि फळीवरची पिशवी काढून झटकू लागली.

पहिल्या सकाळी कार्यालयात भलतीच शांतता होती. टेबलावर नवा काळा फोन चकचकत होता आणि वाजत नव्हता. अधूनमधून कोणाचा तरी फोन यायचा, ज्याचा त्याच्याकडं परस्पर जायचा. अण्णांनी चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्याले. असं याआधी कधी झालं होतं, त्यांना आठवेना. दुसरी सकाळही तशीच गेली. गाडीवाला डोकावून म्हणाला, “अण्णा, आडबाजूच्या एकाबी गावाचं काय आलं न्हाय. माकणीचंबी न्हाय.” “उन्हानं दूध आटलं असंल,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले. थकलेला माणूस शांततेची चौकशी करत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढताना धुरपदाबाई दारात उभी राहिली. माकणीचं दूध केंद्र ही बाई चालवायची. धरणाच्या अंगानं असलेल्या वस्त्यांवरचं दूध तिच्याकडं यायचं. जीपमधून उतरून ती तडक आली होती आणि हातात फडक्यानं तोंड बांधलेली किटली होती. किटली खाली ठेवली तसा आंबट वास खोलीभर झाला.

“अण्णा, म्या काय चुकले का?” तिनं विचारलं.

“का वो?”

“आमच्यावर राग धरलाव का काय? दोन रोज झालं मिसकॉल देतीया, आन् तुमच्याकडनं कुणीतरी उचलतंय.”

“उचलतंय? कोण उचलतंय?”

“नवी बाई ठिवलाव न्हवं. बोलती लई गोड. ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ म्हणती. पर मिसकॉल उचलती. पयल्या दिशी म्या म्हणलं, नवी हाय, रीत ठावं नसंल. निरोप तरी पोचला असंल म्हणून गाडीची वाट बघत बसले. काल पुन्ना तेच. घंटी वाजती न वाजती तवर उचलती बया.”

“मंग तिला तोंडानं सांगायचं की,” चहाला थांबलेला गाडीवाला मधेच म्हणाला.

“सांगाय गेले की. ती ऐकूनच घेईना. एक दाबा म्हणती, दोन दाबा म्हणती. म्या म्हणलं, बाई, माझं हात दुधाचं हायत, कशानं दाबू?”

गाडीवाला हसला. अण्णांना हसू आलं नाही. त्यांच्या सगळं ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. ती बाई म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाज. तो पहिली घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलायचा. म्हणजे त्या यंत्राच्या लेखी धुरपदाबाईचा फोन उचलला गेला होता, तिचं स्वागत झालं होतं आणि काम संपलं होतं. मिसकॉल उरतच नव्हता. दोन दिवस गरम चहाबरोबर जी शांतता ते चाखत बसले होते, ती माकणीच्या ओट्यावर नासत पडलेल्या दुधाची होती.

“मला मोबाईलवर तरी कळवायचं,” ते कसंबसं म्हणाले.

“तुमीच नगं म्हणलाव की,” धुरपदाबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं किटलीचं फडकं पुन्हा घट्ट केलं. “दोन रोजचं दूध वतून दिलं. बाया मला काय म्हणल्या न्हाईत अण्णा. नुसत्या रिकामी भांडी घिऊन गेल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

अण्णांना हे वाक्य ओळखीचं होतं. ते त्यांनी स्वतःच्या मनात किती वेळा म्हटलं होतं. धुरपदाबाईला त्यांनी पाणी दिलं, गाडी तेवढ्यात माकणीवरून सगळ्या आडगावांना पिटाळली आणि उत्तरेश्वरांच्या खोलीत गेले.

उत्तरेश्वरांनी प्रतीक्षाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, सामाईकमध्ये तो आवाज काढता येत नाही. उशिरानं लावताही येत नाही, नियम सगळ्यांना एकच असतात. तिथं न उचललेला फोन म्हणजे चूक धरतात.”

“आमाला न उचललेलाच पायजे, पोरी,” अण्णा म्हणाले.

पलीकडं संगणकाच्या बटणांची टकटक झाली. “खासगीत करता येईल. घंटी नुसती वाजेल, कोणी उचलणार नाही, आणि गावाचं नाव थेट गाडीवाल्याच्या मोबाईलवर दिसेल. पण मग ते नंबराचं...” तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

हिशेबनिसाला एक युक्ती सुचली. मिसकॉलपुरता वेगळा मोबाईल घ्यावा. छान युक्ती होती. “आणि तो मोबाईल सांभाळायचा कोणी?” उत्तरेश्वरांनी विचारलं, आणि हिशेबनीस पुन्हा अण्णांकडं बघू लागला. कुठूनही सुरुवात केली तरी वाट अण्णांच्याच खिशात येऊन संपत होती.

“अण्णा,” उत्तरेश्वर म्हणाले, “तुमच्यावर जबरदस्ती नाही. आहे तेच ठेवू. गावांना समजावू, फोन करून बोला म्हणून. महिना-दोन महिने त्रास होईल, मग पडेल सवय.”

हेही खरं होतं. पडली असती सवय. अण्णांनी खिडकीतून पाहिलं. धुरपदाबाई नळावर किटली घासत होती. वास जाईना म्हणून तिनं मूठभर माती घेतली होती. महिना-दोन महिने, म्हणजे तेवढे दिवस तिनं रिकाम्या भांड्यांच्या बायांसमोर उभं राहायचं. अण्णांना राग आला. त्या गोड आवाजाचा आला, धुरपदाबाईचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो टेम्पोत बसून गावोगाव मिसकॉल शिकवत हिंडलेल्या तरण्या गौरीशंकरचा. त्या पोराला कोणी तरी वेळीच घरी बसवायला हवं होतं.

“घरची गाडी घ्या,” ते म्हणाले.

“नंबर माझा लिहू का?” उत्तरेश्वरांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते. पण यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. फोन आधी त्यांना आला असता आणि लगेच त्यांचा अण्णांना आला असता. एकाची झोप वाचत नव्हती, दुसऱ्याची उगाच जात होती.

“नगं,” अण्णा म्हणाले, आणि टेबलावरच्या फोनकडं वाकून त्यांनी आपला नंबर प्रतीक्षाला सांगितला. तिनं तो एकदा म्हणून दाखवला. “बरोबर आहे ना, काका?” “बरोबर हाय,” अण्णा म्हणाले.

धुरपदाबाईला जीपपर्यंत पोचवून ते परत फिरले. कार्यालयाच्या पायरीशी येऊन थांबले. सोमवारचं चन्नम्माला काय सांगायचं? कुठल्या तोंडानं सांगायचं? पुन्हा ती काही बोलणार नाही, पिशवी फळीवर ठेवून देईल, आणि ते आपल्याला बघावं लागेल. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. चन्नम्मा. भाकरी थापायला घेतली असणार. आता एक घंटी होईल आणि कापेल.

तिनं कापायच्या आत अण्णांनी फोन उचलला.

“हलो,” ते म्हणाले.

पलीकडून नुसता स्टोव्हचा आवाज येत होता. मग चन्नम्मा बोलली ती घाबरूनच. “काय झालं ओ? बरं हाव न्हवं? उचललाव कशाला?”

“बरा हाय. कायबी झालं न्हाय.”

“मंग?”

अण्णा पायरीवर बसले. तुकड्यातुकड्यानं त्यांनी सांगितलं. नवी बाई, माकणीचं दूध, वडाप आणि घरची गाडी. सगळं तिला कळलं असेल असं नाही. शेवटी ते म्हणाले, “नंबर माझाच दिलाय.” हे तिला बरोबर कळलं.

परातीत पीठ मळल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“भरलेली पिशवी सोडू का?” तिनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तिनं ते एका शब्दात ऐकलं असतं आणि पुन्हा कधी विचारलं नसतं. इतक्या वर्षांच्या शिणानं अण्णांचे डोळे भरून आले. भर दुपारी, संघाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.

“सोडू नगं,” ते म्हणाले. “सोमवारी जायचंच. पर फोन संगं न्यावा लागंल. चालू ठिवावा लागंल. वाजला तर उचलावा लागंल.”

पीठ मळायचं थांबलं.

“मंग तिकिटं तिघांची काढा,” चन्नम्मा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.